शिवा मढवीच्या फियाटचा ब्रेक

सानपाडा गावात शिवा मढवी एका जागी स्वस्थ बसलेला कुणी पाहिला असेल, तर त्याने जाऊन आधी डोळे तपासून घ्यावेत. हा माणूस चहासुद्धा उभ्यानेच प्यायचा. टीव्हीसमोर बसवलं तर रिमोट उघडून त्याची स्प्रिंग पुसत राहायचा. लग्नाच्या पंगतीत त्याला टेबलाचा डगमगता पाय आधी दिसायचा आणि ताटातलं मटण नंतर. हात शिवशिवतात म्हणतात ना, तसे याचे जन्मापासूनच शिवशिवत होते. पण मिथुन गेल्यापासून ती शिवशिव सगळ्या अंगात पसरली होती. रात्री अंथरुणावर पडला तरी पाय हलत राहायचे आणि दिवसभर तो वरच्या घरातून खाली गॅरेजमध्ये, गॅरेजमधून नाक्यावर, नाक्यावरून पुन्हा गॅरेजमध्ये असा फिरत राहायचा. नाक्यावरचा पानवाला विचारायचा, "शिवाशेट, काय पायजे?" काय पाहिजे ते शिवालाही आठवायचं नाही. मग उगाच एक काडीपेटी घेऊन तो परत यायचा. विडी-सिगारेट त्याने आयुष्यात ओढलेली नाही, आणि घरात काडीपेट्यांचा ढीग साचला होता.

शिवाच्या बापाची भातशेती होती, खाडीकडच्या मिठागरात थोडा वाटाही होता. नव्या शहरासाठी जमीन गेली, तिथे सेक्टर आले, आणि ज्या बांधावर शिवा लहानपणी खेकडी पकडायचा तिथे आता एका बँकेचं एटीएम आहे. त्याच्या बरोबरीच्या पोरांपैकी कुणी खडीच्या धंद्यात हात घातला, कुणी बांधकामात. शिवाने हात घातला तो बॉनेटमध्ये. मार्केटजवळच्या एका गॅरेजात पाने-पकडी पुसता पुसता काम शिकला, पुढे टेम्पोवाल्यांचा विश्वासू मिस्त्री झाला. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर त्याने चार मजले चढवले. तळमजल्यावर दुसऱ्या कुणीही शहाण्याने दुकानं काढून भाडं खाल्लं असतं. शिवाने तिथे स्वतःचं गॅरेज टाकलं. त्याबद्दल त्याच्या बायकोने, काशीने, त्याला आजतागायत माफ केलेलं नाही.

मिथुन हा त्याचा थोरला. उरणच्या रस्त्यावर एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटरवर बसायचा, पण जीव सगळा गॅरेजात. रविवार उजाडला की बापलेक खाली. तीनेक वर्षांपूर्वी कळंबोलीच्या ट्रकांच्या यार्डात, भंगाराच्या आडोशाला, त्याला एक जुनी फियाट दिसली. टप गंजलेला, काचा नाहीत, सीटमध्ये मांजर व्यालेली. मिथुनला ती बघताक्षणी आवडली. प्रेमात पडलेल्या माणसाला समजावून सांगण्यात अर्थ नसतो, तेव्हा शिवाने डोक्याला हात लावला आणि बाबासोला फोन केला. बाबासो हा कळंबोलीतला ट्रकचा मिस्त्री, मूळचा सांगलीकडचा, शिवाचा जुना दोस्त. त्याने ट्रकवर लादून फियाट सानपाड्याला आणली. काशी खिडकीतून ओरडली, "आता ही मरेल गारी घरान आनलीस काय रं?" मिथुन खालून ओरडला, "आये, जिती करून दावतंय तुला!"

आणि खरंच बापलेकांनी ती जिवंत करायला घेतली. इंजिन शिवाचं, पत्रा आणि रंग मिथुनचा. फक्त एक काम दोघांचं मिळून असायचं, ते म्हणजे ब्रेकची हवा काढणं. हे काम एकट्याने होत नाही. एकाने वर ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकाशी आडवं पडून निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करायचा. नळीतून तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. निपल पुन्हा आवळला, खालच्याने तसं सांगितलं, की मगच वरच्याने पाय उचलायचा. मध्येच उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात. मिथुनचे पाय पेडलला पोचायला लागले तेव्हापासून हे काम त्याचं. शिवा खालून म्हणायचा, "मार... मार... दाबून धर." वरून मिथुन म्हणायचा, "धरलाय." मग शिवा म्हणायचा, "उचल." गॅरेजात आलेल्या कितीतरी टेम्पोंचे ब्रेक या जोडीने असे बांधले होते. आळीतल्या बायकांनाही तो मंत्र कानावर पडून पडून पाठ झाला असेल.

मागच्या वर्षी, हिवाळ्यात, गावच्या मैदानात टेनिस बॉलचे सामने होते. मिथुन दुसरी धाव काढायला पळाला आणि खेळपट्टीच्या मध्येच खाली बसला. पोरांना वाटलं, पायात गोळा आला. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. लग्नाच्या वयाचा, कधी डोकंसुद्धा न दुखलेला पोरगा. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं, शिवाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. एवढंच कळलं, की हे उघडून बघता येण्यासारखं नव्हतं.

तो रडला नाही. स्मशानात नाही, दहाव्याला नाही. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तो खाली जाऊन फियाटच्या बॉनेटखाली शिरला. लोक म्हणाले, बरं झालं, कामात मन रमेल. मन रमणं त्याला म्हणत नाहीत हे काशीला दिसत होतं. ती वरून बघायची. कार्ब्युरेटर चांगला बसलेला असायचा, हा तो पुन्हा काढायचा. दरवाजा नीट लागायचा, हा बिजागरी सोडायचा. सकाळी जोडलेलं संध्याकाळी मोकळं. गाडी पुरी होत आली की तो पुन्हा काहीतरी उघडून बसायचा. पुरी झाली, तर मग उद्यापासून मिथुनचं म्हणून करायला उरणार काय?

पण पुरी तर करावी लागणार होती, कारण सुचिताचं लग्न आलं होतं.

सुचिता ही धाकटी. तिचा साखरपुडा मिथुनच्या देखतच झाला होता. मुलाकडची मंडळी सीवूड्सच्या अंगाला, करावे गावची. घरात माणूस गेलं की कार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा आपल्याकडचा रिवाज. सोयऱ्यांनी भीत भीत विषय काढला आणि काशीने डोळ्याला पदर लावूनच हो म्हटलं. तारीख ठरली. पत्रिका छापून आल्या. पहिली पत्रिका कार्ल्याच्या एकवीरा आईपुढे ठेवायची, ती ठेवल्याशिवाय गावात एकही वाटायची नाही. ती कुठल्या गाडीतून न्यायची याचा निकाल मिथुनने केव्हाच लावून ठेवला होता. साखरपुड्याच्या दिवशी सगळ्यांसमोर त्याने बहिणीला शब्द दिला होता, की तुझी पहिली पत्रिका माझ्या फियाटमधून घाट चढणार.

"बाबा, दादा बोललेला," सुचिता म्हणाली. "मी दुसऱ्या गाडीत नाय बसनार. नायतर पत्रिका राहू दे इथेच."

"अगो, इर्टिगा सांगू ना एखादी. एसी असंल."

"दादा इर्टिगा नव्हता बोलला."

पोरीने तोंड फिरवलं. शिवाने मान डोलावली आणि रविवार ठरला. घाट चढताना इंजिन लागतं, उतरताना ब्रेक. इंजिन तर आता घड्याळासारखं चालत होतं. ब्रेकचे मात्र सिलिंडर नवे बसवून, नळ्या नव्या टाकून तो तिथेच थांबला होता. हवा काढायची राहिली होती. त्यासाठी सीटवर कुणीतरी बसायला हवं होतं, आणि त्या सीटवर मिथुननंतर कुणी बसलं नव्हतं. शिवा स्वतःसुद्धा नाही. गाडी सरकवायची झाली तर तो दरवाजातून हात घालून स्टिअरिंग धरायचा आणि ढकलायचा.

शुक्रवारी बाबासो आला. गाडीभोवती चक्कर मारून त्याने रंगावरून हात फिरवला. "लई भारी झालीया की गा. आता काय ऱ्हायलंय?"

"ब्रेकची हवा."

"हात्तिच्या! ते कितीसं काम? व्हय बाजूला, मी बसतो शीटवर, तू जा खाली." आणि बाबासोने दरवाजाच्या कडीला हात घातला.

"बसू नको!" शिवा एवढ्याने ओरडला की समोरच्या किराणावाल्याने मान बाहेर काढली. बाबासोचा हात तसाच राहिला. शिवा खाली बघत म्हणाला, "नको रे. मी करतो."

"एकटा? येडा झालास काय? ब्रेक काय एकट्यानं बांधत्यात?"

"करतो बोललो ना."

बाबासोने वाद घातला नाही. चहाही न घेता निघाला, पण जाता जाता थांबून म्हणाला, "शिवादा, पोरगी बसणार हाय त्यात. घाट हाय." शिवाला राग आला तो त्याच्यावर नव्हे, पण दुसरं कुणी जवळ नव्हतं म्हणून तो त्याच्यावरच निघाला. त्याने पाना कोपऱ्यात भिरकावला, आणि मग तोच शोधत तो कोपऱ्यात बसून राहिला.

शनिवारी सकाळी त्याने जे केलं, ते करणाऱ्या पोरांच्या त्याने आयुष्यभर कानाखाली आवाज काढले होते. बांबूचा एक तुकडा कापला, त्याचं एक टोक पेडलवर आणि दुसरं सीटच्या कडेला अडकवलं. बाहेर उभं राहून हाताने पेडल मारायचं, बांबू अडकवायचा, पळत जाऊन मागच्या चाकाखाली शिरायचं, निपल सोडायचा. निपल सुटला की पेडल खाली जातं, बांबू निसटतो, आणि हवा परत आत. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून तो पळत होता. पुढून मागे, मागून पुढे, साठीला टेकलेला माणूस, बनियन घामाने चिकटलेली. तोंडाने चालूच होतं, "मार... दाबून धर..." ऐकणारं कुणी नव्हतं आणि बांबू काही ऐकत नव्हता. वर स्वयंपाकघराच्या खिडकीत काशी भाजी निवडायची थांबली होती.

शेवटी पेडल थोडं कडक लागलं. शिवाने स्वतःला पटवलं, की झालं. सीटवर त्याने एक जुनी चादर टाकली, जणू तेवढ्याने ती सीट दुसऱ्याची होणार होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो त्या फियाटमध्ये ड्रायव्हर म्हणून बसला. गाडी एका चावीत सुरू झाली. त्याही गोष्टीचा त्याला त्रासच झाला. एवढी चांगली सुरू व्हायला नको होती.

गावातून तो पामबीच रस्त्याला लागला. शनिवार, रस्ता मोकळा. वळणावर पहिल्यांदा ब्रेक दाबला, लागला. दुसऱ्यांदा जरा खोल गेला. सिग्नल लाल होता, पुढे एक स्कूटर थांबलेली, मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीतून मेथीचे शेंडे बाहेर आलेले. शिवाने पेडलवर पाय ठेवला आणि पाय सरळ तळाला गेला. पेडलमध्ये काही नव्हतंच. पुन्हा मारला, पुन्हा पोकळ. त्याने स्टिअरिंगजवळचा गिअर खाली खेचला, हँडब्रेक ओढला आणि चाक डावीकडे फुटपाथच्या दगडावर घातलं. फियाट घासत घासत स्कूटरच्या जरा अलीकडे थांबली. बाईने मान वळवून पाहिलं, तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, आणि हिरवा लागला तशी स्कूटर निघून गेली.

शिवा तिथेच बसला. मागच्या गाड्या भोंगे वाजवून बाजूने जात होत्या. त्याच्या डोळ्यांपुढे ती मेथी होती, आणि मग घाटातलं वळण आलं, मागच्या सीटवर सुचिता, मांडीवर हळदीकुंकू लावलेली पत्रिका, शेजारी काशी. उद्या याच वेळी. त्याला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज वाटली. एक पोरगं गेलं म्हणून आपण दुसरं घालवायला निघालो होतो. मिस्त्री म्हणवतो आपण स्वतःला.

पहिल्या गिअरमध्ये, फुटपाथच्या कडेकडेने, चालत्या माणसाच्या वेगाने तो घरी आला. गॅरेजच्या दारात सुचिता आणि काशी दोघी उभ्या होत्या. डाव्या चाकाची कड घासलेली दोघींनी पाहिली.

"बाबा, काय झालं?"

शिवा उतरला. खोटं बोलायचं त्याच्या मनात होतं, पार्ट आला नाही वगैरे. आजवर तेच सांगत आला होता. पण जिभेवर ते आलंच नाही. "ब्रेक नाय लागत," तो म्हणाला. "उद्या नाय जमनार. माझ्याच्यानं एकट्यानं नाय होत."

"मग बाबासोकाकाला बोलवा ना."

"आलेला. मीच घालवला." मग सुचिताकडे न बघता, "त्या जागेवर कोनाला बसवू, तूच सांग."

सुचिताचे डोळे भरले. ती काही बोलणार एवढ्यात काशी पुढे झाली. या गॅरेजचा उंबरा तिने वर्षभरात ओलांडला नव्हता. त्याआधीही फारसा नाहीच. चहासुद्धा ती दोरीने पिशवीतून खाली सोडायची. तिने पदर खोचला, चपला दाराशी काढल्या, जशा देवळाबाहेर काढतात, आणि फियाटचा दरवाजा उघडला.

"काशे..."

"मना नका सांगू काय." तिने चादर उचलून बाजूला फेकली आणि खालच्या सीटवर हात ठेवला. "दर रैवारी तुमी त्याला खाली घेऊन जाव. मी वर मासली करून वाट बघाची. जेवाला बसला तवाच मना त्याचं तोंड दिसाचं, तवा पन तुमचं दोघांचं गारीचंच चालू. माज्या वाट्याला पोऱ्याचा एक रैवार आला नाय. आता ती जागा पन तुमचीच काय? तुमी एकट्यानं जन्माला घातलाव त्याला?"

सगळं वर्ष शिवा दुःख एकट्याचं समजून त्यावर कुलूप लावून बसला होता, आणि जिने नऊ महिने पोटात वागवला ती वर खिडकीत उभी होती.

काशी सीटवर बसली. पाय पुरेनात तशी पुढे सरकली, अगदी कडेवर. एक पाय पेडलवर ठेवून म्हणाली, "जा खाली. काय कराचं ते मना म्हाईत हाय. इतकी वर्सां वरशी आयकत आलंय."

शिवाने पाना घेतला आणि मागच्या डाव्या चाकाखाली आडवा झाला. नळी लावली. "मार," तो म्हणाला. पेडल खालीवर झालं. "मार... दाबून धर."

"धरलाय."

तोच शब्द. आवाज बाईचा, थोडा थकलेला. शिवाने निपल सोडला. पेडल झपकन खाली गेलं तशी काशी दचकून "अगो आये!" म्हणाली आणि तिने पाय उचलला. हवा आत गेली. दुसऱ्या कुणाला शिवाने शिव्याच घातल्या असत्या. तो म्हणाला, "खाली जातंय तो, जाऊ दे. घाबरू नको. मी बोलंपर्यंत पाय काढू नको."

"नाय काढत."

आणि नाही काढला. पुन्हा सुरुवात केली. बुडबुडे आले, पांढरे, भसाभसा. मग कमी झाले. मग नुसतं तेल. हे चाक झालं, दुसरं झालं. सुचिता बॉनेटखालच्या बाटलीत ब्रेकचं तेल बघून ओततही होती आणि नाकही पुसत होती. तिसऱ्या चाकाला काशीला लय सापडली, शिवाच्या सांगण्याआधीच तिचा पाय चालायला लागला. शेवटचं चाक ड्रायव्हरच्या बाजूचं, पुढचं. तिथे आडवा झाला की शिवाचं डोकं जवळजवळ काशीच्या पायांखालीच येत होतं, मध्ये फक्त पत्रा.

"मार... मार... दाबून धर."

"धरलाय."

निपल सोडला. स्वच्छ तेल आलं, एकही बुडबुडा नाही. त्याने निपल आवळला. पाना काढला. पेडल आता दगडासारखं झालं असणार, हे त्याला न बघता कळलं. आता उघडायला काही नव्हतं, सोडायला, पुसायला, परत बसवायला काहीसुद्धा उरलं नव्हतं. गाडी झाली होती. "उचल" एवढंच म्हणायचं होतं, आणि ते तोंडातून निघेना.

"उचलू?" काशीने वरून विचारलं.

खालून आवाज आला, पण तो बोलण्याचा नव्हता. सुचिता झटकन वाकली, तिला वाटलं बाबांना काही लागलं. काशीने हाताने तिला तिथेच थांबवलं. संसाराच्या इतक्या वर्षांत तिने हा आवाज कधी ऐकला नव्हता, तरी तो कसला आहे ते तिला सांगावं लागलं नाही. तिचा पाय भरून आला होता. तिने दुसरा पायही उचलून पेडलवर ठेवला आणि दोन्ही पायांनी दाबलं. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून स्टिअरिंगवर पडत होतं, ते पुसायला तिने हात काढला नाही.

"होऊ द्या तुमचं," ती म्हणाली. "मी धरलाय."